मदत हवी आहे: कोलाम पोडांवरच्या दंत-आरोग्याचा अभ्यास कसा आखावा?

नमस्कार मंडळी,

मी दंतवैद्य आहे, सध्या सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्रात एमडीएस करते आहे. प्रबंधासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर आणि झरी जामणी तालुक्यांतले कोलाम पोड घ्यायचं ठरवलं आहे. आराखडा लवकरच कॉलेजच्या एथिक्स कमिटीपुढे जाईल. त्याआधी या भागात काम केलेल्या, किंवा अशा वस्त्यांवर आरोग्याचं सर्वेक्षण केलेल्या लोकांचा सल्ला हवा आहे.

हा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. महाराष्ट्रात तीन आदिम जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. 2011 च्या जनगणनेत राज्यातले कोलाम दोन लाखांच्या आसपास भरले, त्यातले बरेचसे यवतमाळ जिल्ह्यातले. मूळ गावापासून जरा बाजूला, रानाच्या कडेला असलेली त्यांची छोटी वस्ती म्हणजे पोड. बाजारहाट पांढरकवड्याला किंवा वणीला. मोठं दुखणं निघालं तर यवतमाळ, आणि त्यापुढे नागपूर, म्हणजे पांढरकवड्याहून दीडशे किलोमीटर.

तोंडाचं म्हणाल तर इथे तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. मुलांच्या दातांची कीड आहेच. पाच-दहा रुपयांच्या बिस्किटांचे नि कुरकुऱ्यांचे पुडे आता प्रत्येक पोडावर मिळतात. दुसरं पाणी. या पट्ट्यातल्या बऱ्याच बोअरना फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी पोटात गेलं की कायमच्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे येतात आणि मग मास्तरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्या पोराला म्हणतात, 'दात घासत नाहीस का रे?' हे ऐकून माझा जीव तुटतो. ते डाग ब्रशने जाणारे नसतात.

तिसरं खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर आपल्या डोळ्यांदेखत घोटून मिळतो. आणि त्यातला तंबाखू बाजूला ठेवला तरी नुसती सुपारी कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं आहे. विशीतल्या पोरांची तोंडं आखडलेली दिसतात, पुरती उघडत नाहीत, तिखट सोसवत नाही.

आता माझी खरी अडचण. या विषयातला ठरलेला प्रबंध मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या पद्धतीचा फॉर्म घ्यायचा, 5, 12, 15, 35 ते 44 आणि 65 ते 74 हे वयोगट धरायचे, आरसा आणि प्रोब घेऊन किडलेले, पडलेले, भरलेले दात मोजायचे, टक्केवारी काढायची आणि शेवटी 'जनजागृतीची गरज आहे' असं लिहून मोकळं व्हायचं. मला तेवढ्यावर थांबायचं नाही. मी ज्या एका ग्रामीण रुग्णालयात काम पाहिलं तिथे दातांची खुर्ची होती, पण फिलिंगचं सामान महिनोन्महिने यायचं नाही, त्यामुळे जो येईल त्याचा दात काढला जायचा. म्हणजे 'भरलेले' या रकान्यात जवळपास शून्य येणार हे मी आजच सांगू शकते. त्यासाठी शेकडो लोकांना तोंड उघडायला लावणं मला पटत नाही.

मला हे शोधायचं आहे की दाढ दुखायला लागल्यावर कोलाम कुटुंब नेमकं काय करतं. कुणाला आधी दाखवतं, किती दिवस अंगावर काढतं, किती मजुरी बुडते, किती जण दवाखान्याच्या दारातून परत येतात आणि का. गाइड म्हणतात, क्लिनिकल इंडेक्सशिवाय, म्हणजे दात तपासून काढलेल्या आकड्यांशिवाय, प्रबंध उभा राहणार नाही. तर दोन्ही एकत्र कसं बसवू? नमुना किती घेऊ? आश्रमशाळेतली मुलं घेतली तर चालेल का, की पोडावरच जावं? परवानग्या कुणाच्या? आणि ज्यांना तपासेन त्यांच्या उपचारांची सोय माझ्यासारखी विद्यार्थिनी किती करू शकेल?

– पैनगंगेकाठी


प्रतिसाद, आकडेमोड:

नमुन्याबद्दल. प्रमाण 50 टक्के आणि चूक 5 टक्के धरली की सूत्राने 384 येतात, सगळे तिथेच थांबतात. तुमच्या बाबतीत ते चुकेल. एका पोडाचं पाणी एक, दुकान एक, सवयी एक, त्यामुळे तिथली माणसं एकमेकांसारखी निघतात. पोडामागे 20 जण घेतले आणि आपसातलं साम्य 0.05 धरलं, तर नमुना जवळपास दुप्पट लागतो. फ्लोरोसिससाठी, म्हणजे फ्लोराइडच्या डागांसाठी, तर साम्य याहून जास्त निघेल, कारण बोअरच एक आहे. म्हणून प्रत्येक पोडात थोडी माणसं आणि पोड जास्त, असं करा. आणि प्रत्येक स्रोताचं पाणी तपासून घ्या, नाहीतर इंडेक्सला अर्थ नाही.


प्रतिसाद, निवृत्त_आरोग्यसेवक:

ताई, आधी परवानग्या. पांढरकवड्याला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. आश्रमशाळेत पाऊल ठेवायचं तर प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र लागेलच. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्य चिकित्सक यांनाही कळवा. हा पट्टा पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात, येतो, तेव्हा ग्रामसभेपुढे जाऊन विषय मांडा. पण ग्रामसभेने हो म्हटलं म्हणजे प्रत्येक माणसाने हो म्हटलं असं नाही, त्याची वेगळी संमती घ्यायचीच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमांत हे स्पष्ट आहे. मुलांच्या बाबतीत पालकांची सही, शिवाय 7 ते 12 वयाच्या मुलाला तोंडी विचारायचं, 12 च्या पुढे त्याचं लेखी.

दुसरं, नवीन काही उभारण्याआधी जे आहे त्याला धरा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी 2013 पासून शाळा-अंगणवाड्यांत फिरते, दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म आशाताई भरतात, त्यात तोंड उघडायला त्रास आणि बरी न होणारी जखम हे प्रश्न आहेत. 2023 पासून पीएम-जनमन या केंद्राच्या योजनेतून आदिम जमातींच्या वस्त्यांसाठी फिरते दवाखाने आहेत. या नोंदींमध्ये 'संदर्भित केले' (पुढच्या दवाखान्यात पाठवले) असं लिहिलेल्यांपैकी प्रत्यक्षात खुर्चीपर्यंत किती पोचले, हे कुणी मागे जाऊन पाहत नाही. तुम्ही पाहा. माझ्या मते तुमचा प्रबंध तिथेच आहे.


प्रतिसाद, अॅडलेडकर:

मी इकडे ऑस्ट्रेलियात दंतवैद्य आहे, काही काळ अॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळच्या, समाजाने स्वतः चालवलेल्या आरोग्य केंद्रात काम केलं आहे. अशा केंद्रांची सुरुवात 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात झाली. तिथे संशोधन करायचं तर आधी केंद्राचं मंडळ विचारतं: यातून आमच्या लोकांना काय मिळणार, माहिती कुणाच्या ताब्यात राहणार, निकाल आम्हाला आधी कळणार का? 2019 मध्ये आदिवासी समाजांवरच्या संशोधनासाठी 'कन्सिडर' नावाची मार्गदर्शक सूची आली, त्यातही हेच मुद्दे आहेत. तुमच्या कमिटीने विचारलं नाही तरी तुम्ही आराखड्यात त्यांची उत्तरं लिहा.

हे का, ते एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेत हवासुपाई या आदिवासी जमातीच्या लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. विद्यापीठात ते न विचारता इतर अभ्यासांसाठी वापरलं गेलं. लोक कोर्टात गेले, 2010 मध्ये विद्यापीठाला भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. तुम्ही रक्त घेणार नाही, पण तपकिरी दातांचे फोटो घ्याल. ते पुढे कुणाच्या स्लाइडवर जाणार, हे आजच ठरवा.

अलास्काचंही वाचा. तिथल्या आदिवासी आरोग्य संस्थेने 2003 मध्ये आपल्याच खेड्यांतले तरुण न्यूझीलंडला शिकायला पाठवले. साधं फिलिंग, साधी दाढ काढणं ते गावातच करू लागले. डेंटिस्टांच्या संघटनेने विरोध केला, तरी ती सेवा टिकली.


प्रतिसाद, पोडावरचा:

मी कोलाम आहे, आश्रमशाळेवर शिक्षक आहे. ताई, तुमचं लिहिणं पटलं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे सर्वे पुष्कळ होतात. वजन करतात, रक्त घेतात, फॉर्म भरतात, फोटो काढतात. परत कोणी येत नाही. तुम्ही पोडावर पहिल्यांदा जाल तेव्हा म्हातारे हेच विचारतील. आधी नाईकाला, म्हणजे पोडाच्या प्रमुखाला, भेटा, चार माणसं बसवून बोला, त्या दिवशी तपासणी करू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी पोडावर कोणी सापडणार नाही, सकाळी लवकर या नाहीतर सांजेला. बाईमाणसांशी बोलायला बाईच पाहिजे. आणि मराठी सगळ्यांना येते असं धरू नका, म्हाताऱ्यांचं दुखणं कोलामीतच निघतं. पोडावरच्याच शिकलेल्या पोरा-पोरींना बरोबर घ्या, त्यांना रोजी द्या. फुकट राबवू नका.

आश्रमशाळेत मुलं एका जागी सापडतात म्हणून सगळे तिथेच येतात. पण शाळेत न आलेलं, शाळा सोडलेलं पोरगं तुमच्या वहीत येणार नाही, आणि खर्रा तेच जास्त खातं.


प्रतिसाद, पैनगंगेकाठी:

सर, सगळ्यांत आधी तुमचे आभार. तुमच्या शेवटच्या मुद्द्याने निर्णय झाला, मी पोडावरच जाणार. आश्रमशाळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. समोरच्या कायमच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, पाच वर्षांच्या आसपास तयार होऊन जातं. मूल शाळेत येतं त्यानंतर. म्हणजे शाळेच्या बोअरचं पाणी तपासून मुलांच्या समोरच्या दातांवरच्या डागांशी जोडलं, तर तो हिशेबच चुकीचा. पाणी जन्मापासून ज्या पोडावर प्यायलं तिथलं घ्यायला हवं. जागा बदलली असेल तर तेही विचारेन.

अॅडलेडकर, अलास्काचं मला फार आवडतं, पण आपल्याकडे फिलिंग करायची मुभा दंतवैद्यालाच आहे, त्यामुळे तसंच्या तसं इथे येणार नाही. मात्र ओळखणं आणि पोचवणं यात पोडावरची मुलं नक्की तयार होतील. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, एवढी एक खूण शिकवली तरी आखडलेली तोंडं लवकर हाती लागतील. फोटोंबाबत असं ठरवते: चेहरा नाही, आणि ग्रामसभेला दाखवल्याशिवाय कुठेही नाही.

उपचारांचं असं करते आहे. ड्रिल न वापरता हाताच्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयनोमर हे फिलिंगचं सामान भरण्याची पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या ठिकाणांसाठीच आकाराला आली. ती मला येते. शिवाय कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयनोमर, दोन्ही 2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सिल्व्हरच्या त्या औषधाने किडलेली जागा काळी पडते, हे पालकांना आधी दाखवून, विचारूनच लावेन. ज्या दिवशी तपासणी त्याच दिवशी हे उपचार. काढायचे दात आणि संशयास्पद जखमा यांची नावं घेऊन सोबत जाणारा माणूस ठरवून पाठवणार, आणि ते पोचले का हेच माझ्या प्रबंधाचं मुख्य मोजमाप राहील. आकडेमोड यांच्या सल्ल्याने पोड वाढवते, माणसं कमी करते.

तुमच्यापैकी कुणी जिल्हा पातळीवर औषध खरेदीचं काम पाहिलं असेल तर सांगा: ग्लास आयनोमर ग्रामीण रुग्णालयाच्या मागणीपत्रात घालायचं तर अर्ज नेमका कुणाकडे, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात द्यावा लागतो? माझा अभ्यास संपल्यावर त्या खुर्चीजवळ सामान असायला हवं. आणि सर, कोलामी बोलणारी, बारावी झालेली एखादी मुलगी तुमच्या पाहण्यात असेल तर मला निरोप करा. रोजीची तरतूद मी खर्चाच्या पानावर आजच लिहिते आहे.