घानाचा इतिहास म्हणजे सुआरेझचा हात नव्हे

मैदानाकडेचा:
काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मथितार्थ असा: घानाच्या फुटबॉलचा इतिहास एका वाक्यात संपतो. २ जुलै २०१० ला जोहान्सबर्गमध्ये वर्ल्डकपच्या क्वार्टर फायनलला उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला, घानाच्या ग्यानने पेनल्टी बारवर मारली, घाना बाहेर, बाकी सगळं किरकोळ. लाइकही भरपूर. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

किरकोळ म्हणजे काय काय ते ऐका. १९६३ ला अक्रात सुदानला ३-० हरवून आफ्रिका चषक. १९६५ ला ट्युनिसमध्ये यजमानांना ३-२ हरवून पुन्हा चषक. १९६८ आणि १९७० ला परत अंतिम फेरी, म्हणजे सलग चार. १९६२ ला रेआल माद्रिद अक्रात आली आणि ३-३ वर थांबली, तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून पाचच वर्षं झाली होती. पहिल्या दोन चषकांच्या वेळी प्रशिक्षक सी. के. ग्याम्फी, घानाचाच माणूस. १९८२ ला त्रिपोलीत लिबियाला पेनल्टीवर हरवून चौथा चषक आणला तेव्हाही तोच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, १९६६ चा वर्ल्डकप. सोळा जागा. युरोपला इंग्लंड धरून दहा, दक्षिण अमेरिकेला चार, उत्तर-मध्य अमेरिकेला एक. उरलेल्या एका जागेसाठी आफ्रिका, आशिया आणि ओशनिया तिघांनी भांडायचं. घानाचे क्रीडा संचालक ओहेने जान यांनी फिफाला खरमरीत तार केली, राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा पाठीशी उभे राहिले आणि अख्ख्या आफ्रिकेने अंग काढून घेतलं. फिफाने दंड ठोठावला. पण १९७० ला आफ्रिकेला हक्काची जागा मिळाली. २०२६ ला थेट नऊ आहेत. ज्या संघामुळे हे घडलं त्याची ओळख एका उरुग्वेच्या खेळाडूचा हात? मला हे सहन होत नाही.

कोल्हापुरी_हाफबॅक:
भावा, तार वगैरे ठीक आहे. पण त्या रात्री आमच्या तालमीत पडदा लावून मॅच बघितली होती. रात्री बाराला सुरू झाली, संपेपर्यंत पावणेतीन. घानाच्या मुंटारीचा लांबून मारलेला गोल गेला तेव्हा गल्लीतली कुत्री उठली. शेवटच्या मिनिटाला आडियियाचं हेडर आत चाललंय आणि हा माणूस गोलकीपरासारखे दोन्ही हात वर करतोय! ग्यानचा चेंडू बारला लागून वर गेला आणि सुआरेझ बोगद्याच्या तोंडाशी नाचायला लागला. आमचे दादा लोक, ज्यांनी आयुष्यात घानाचा नकाशा बघितला नाही, ते रडत होते. आफ्रिकेतली पहिली टीम सेमीफायनलला जाणार होती हो! १९६४ ची तार वाचून कोण रडतं?

शिट्टी:
मी जिल्हा पातळीवर पंचगिरी करतो. नियम साधा आहे. नक्की होणारा गोल हाताने अडवला तर लाल कार्ड आणि पेनल्टी. दोन्ही दिलं. सुआरेझ सेमीफायनलला मुकला, उरुग्वे नेदरलँड्सकडून ३-२ हरला. घानाला बारा यार्डांवरून मोकळा फटका मिळाला. याहून जास्त न्याय नियमात नाही. आणि ज्या फ्रीकिकवरून हे सगळं घडलं ती मी तरी दिली नसती.

कोल्हापुरी_हाफबॅक:
झालं, पंच आले. चोराला पकडलं, कोठडीत टाकलं, पण ऐवज चोराच्याच घरी ठेवला, हा तुमचा न्याय. गोल होता तो. चेंडू आत जात होता.

शिट्टी:
"जात होता" आणि "गेला" यात फरक असतो म्हणूनच पंच लागतो. आणि या एका हाताच्या नादात घानाचंच नुकसान झालं. २०२२ ला पुन्हा उरुग्वे समोर. आंद्रे आयूची पेनल्टी अडवली गेली, घाना २-० हरून बाहेर. पण दुसऱ्या मॅचमध्ये कोरियाने पोर्तुगालला हरवलं, उरुग्वेही बाहेर गेला आणि सुआरेझ बाकावर रडला, याचंच समाधान मानलं गेलं. आपण बाहेर पडलो याचं दुःख त्यात बुडालं. मैदानाकडेचा, एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने.

कूपरेजची_पायरी:
बहिष्काराचं फार कौतुक चाललंय म्हणून विचारतो. किंमत कोणी मोजली? ओसेई कोफीसारखे खेळाडू ऐन भरात होते आणि वर्ल्डकपचं मैदान त्यांनी पाहिलं नाही. त्यांना कोणी विचारलं होतं? आफ्रिकेत जन्मलेला एक माणूस १९६६ ला नऊ गोल करून गेला, युसेबियो, पण पोर्तुगालच्या शर्टात. घाना वर्ल्डकपला गेला थेट २००६ ला, चाळीस वर्षांनी. निर्णय साहेबांनी घ्यायचा, त्याग खेळाडूंनी करायचा.

मैदानाकडेचा:
चाळीस वर्षं बहिष्कारामुळे नाही लागली. फेब्रुवारी १९६६ ला लष्कराने एन्क्रुमांना उलथवलं, जान यांनाही जावं लागलं, उभी केलेली व्यवस्था मोडली. आणि त्यागाची भाषा करताय तर तुलना करा. आजोबांनी खंडासाठी वर्ल्डकप सोडला. नातवांनी २०१४ ला ब्राझीलमध्ये मानधनासाठी सराव सोडला. सरकारला तीस लाख डॉलर रोख विमानाने पाठवावे लागले. त्या बातमीने मला सुआरेझपेक्षा जास्त वाईट वाटलं.

टेमा_बंदर:
मी तेव्हा टेमामध्ये नोकरीला होतो, अक्रापासून जवळच. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. तरी अमेरिकेविरुद्धची मॅच लोकांना दिसावी म्हणून सरकारने आयव्हरी कोस्टकडून जादा वीज घेतली आणि आमच्या गावातल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याला उत्पादन कमी करायला लावलं. देश एवढं करत होता. आणि मग टीव्हीवर दिसलं, पोलिसांच्या गाड्यांच्या ताफ्यातून नोटा हॉटेलवर चालल्यात आणि बचावपटू जॉन बोये नोटांच्या बंडलाचं चुंबन घेतोय. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालविरुद्ध पहिला गोल त्याच बोयेच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात. १-२ हरलो. माझा फोरमन जेवणाच्या सुट्टीत ताटाला हात न लावता बसून होता. त्याच्या घरी त्या महिन्यात रात्र रात्र अंधार होता.

कूपरेजची_पायरी:
आता मी गप्प बसणार नाही. रोख पैसे का मागितले हे कोणी विचारत नाही. ज्याला आधी बुडवलेलं असतं तोच रोख मागतो. मी मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून खेळलो, नाव घेत नाही. एका हंगामाच्या शेवटी संघ बंद केला. राहिलेले पैसे "पुढच्या महिन्यात". ऑफिसात गेलं की "साहेब मीटिंगमध्ये आहेत". गुडघा मोडलेला, शस्त्रक्रिया बायकोच्या दागिन्यांवर. ते पैसे आजतागायत आले नाहीत. मला कोणी तेव्हा सांगितलं असतं की आधी हातात घे, मग बूट घाल, तर मी पण नोटांचं चुंबन घेतलं असतं.

टेमा_बंदर:
तुमचं दुःख मान्य. पण तुम्ही कंपनीचे नोकर होता, हे देशासाठी खेळत होते. यातले बरेच युरोपात खेळून कमावणारे.

कूपरेजची_पायरी:
देशासाठी खेळणाऱ्याला पोट नसतं का? आणि पैसा कुणाच्या हातात होता ते बघा. २०१८ ला अनास या पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने घानाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष न्यांताक्यी याला पासष्ट हजार डॉलर रोख घेताना टिपलं. पंचही टिपले, शिट्टीसाहेब, तुमचे बांधव. संघटना बरखास्त करावी लागली. त्या शोधपथकातल्या अहमद हुसेन-सुआले या पत्रकाराला जानेवारी २०१९ मध्ये अक्रात गोळ्या घालून मारलं. आणि अशा लोकांवर विश्वास ठेवून खेळाडूंनी "नंतर द्या" म्हणायचं?

शिट्टी:
पंचांना यात ओढू नका. जे विकले गेले त्यांच्यावर बंदी आली. एका सामन्याचं मानधन आणि वडापाव यावर शिट्टी फुंकणारे आम्ही हजारो आहोत, आमच्यातल्या कुणाला मी तरी चोर म्हणू देणार नाही.

मैदानाकडेचा:
कूपरेज, २०१४ बद्दल तुमचा मुद्दा पूर्ण पटत नाही, पण अध्यक्षाच्या हातातली ती नोटांची थप्पी पाहिल्यावर खेळाडूंना एकट्याला दोष देता येत नाही, एवढं मानतो. मात्र बहिष्कार आणि मानधनाचा संप एकाच पारड्यात घालू नका. जान यांनी स्वतःसाठी छदाम मागितला नव्हता.

कूपरेजची_पायरी:
जान यांनी मागितला नाही, कारण त्यांचा पगार चालू होता.

कोल्हापुरी_हाफबॅक:
पैशावरच गाडी अडकली. सुआरेझवर कोणी बोलतच नाही. मी शेवटचं सांगतो, तो गोल झाला असता तर पुढच्या पिढीत ही भांडणंच झाली नसती.

टेमा_बंदर:
झाली असती. त्याच्या आधीच, २००९ ला घानाच्या वीस वर्षांखालच्या पोरांनी ब्राझीलला पेनल्टीवर हरवून जग जिंकलं होतं. एवढी पोरं हाताशी असून १९८२ नंतर एक आफ्रिका चषक नाही. २०१५ ला फायनल आयव्हरी कोस्टकडून पेनल्टीवर ९-८ गेली. २०२२ च्या जानेवारीत कोमोरोससारख्या बेटांनी ३-२ हरवलं. २०२५ च्या आफ्रिका चषकाला तर पात्रच झाले नाहीत, पात्रता फेरीत एकही विजय नाही. त्यात सुआरेझ कुठे आला? दोष अक्रातल्या खुर्च्यांचा आहे.

मडगावकरीण:
एवढा वेळ वाचतेय. घानाचा युसिफ याकुबू आमच्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स क्लबकडून खेळायचा, मग तुमच्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला गेला आणि त्यांना २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. कूपरेजवर पायरी अडवून बसणाऱ्यांना तो आठवू नये? २०१७ ला घानाच्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी दिल्लीत आपल्याला ४-० धुतलं आणि मग नवी मुंबईत नायजरला हरवलं. ती मॅच मी डीवाय पाटीलला बघितली, घरी टीव्हीवर नाही.

कूपरेजची_पायरी:
याकुबू आठवतो, ताई. डावीकडून आत यायचा तेव्हा आमचा स्टॉपर हातच जोडायचा. त्याच्याबद्दल वेगळा धागा काढा, मी लिहितो.

मडगावकरीण:
काढेन. पण आधी हे. पुरुषांच्या संघाला वर्ल्डकपला पोचायला २००६ उजाडलं. घानाच्या बायका १९९९ ला अमेरिकेत वर्ल्डकप खेळल्या, मग २००३ ला, मग २००७ ला. बहिष्कार, हात, नोटा, खुर्च्या, सगळं झालं, "घानाचा इतिहास" म्हणून एवढं लिहिलंत आणि त्यांचं नाव एकाही दादाने घेतलं नाही. मैदानाकडेचा, धागा तुमचा आहे. सांगा, का?