विडंबन की विटंबना? आणि भावना दुखावल्या म्हणजे नक्की काय?

कोपरीकर:
मंडळी, शब्दाचा प्रश्न आहे, राजकारण नको. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पोरांनी एक व्यंगचित्र लावलेलं, घोडबंदर रोडच्या खड्ड्यात उंदीर गळ्यापर्यंत रुतलाय आणि बाप्पा सोंड वर करून रिक्षा थांबवतायत, रिक्षावाला मान हलवून नाही म्हणतोय. दुसऱ्या दिवशी चित्र गायब आणि बोर्डावर नोटीस, 'देवाचे विडंबन झाल्याने सभासदांच्या भावना दुखावल्या आहेत'. विडंबन कधीपासून गुन्हा झाला? यांना विटंबना म्हणायचंय ना?

नेरुळची:
हो, विटंबनाच. मूळ एकच, संस्कृत विडंबना, म्हणजे नक्कल करणं, टर उडवणं. मराठीत दोघांच्या वाटा फुटल्या. अत्र्यांनी केशवकुमार नावानं लिहिली ती विडंबनं, पुतळ्याची किंवा प्रेताची होते ती विटंबना. पहिल्यात हसणं आहे, दुसऱ्यात अब्रू काढणं. हिंदीत विडंबना म्हणजे आणखी तिसरंच, दैवाची थट्टा.

वाशीकर:
मला 'भावना दुखावल्या' जास्त खटकतं. क्रियापद बघा, दुखावल्या, कोणी दुखावल्या ते वाक्यात नाहीच, पाय मुरगळला तसं आपोआप झाल्यासारखं. कायद्यात मात्र कर्ता आणि त्याचा हेतू दोन्ही लागतात. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं दंडविधानातलं जुनं २९५अ कलम १९२७ चं, आता भारतीय न्याय संहितेत २९९, त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं अपमान केलेला असावा लागतो, आणि १९५७ ला रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टानं कलम वैध ठरवलं ते याच आधारावर, चुकून किंवा निष्काळजीपणानं झालेला अपमान यात बसत नाही म्हणून. म्हणजे विटंबना सिद्ध करावी लागते, नुसतं दुखावून भागत नाही.

कळव्याहून:
कागदावर हो काका. २०१५ ला पॅरिसच्या शार्ली एब्दो या व्यंग-साप्ताहिकावर हल्ला झाला, त्यानंतर उर्दू दैनिक 'अवधनामा'च्या मुंबई आवृत्तीत शार्लीचं पैगंबरांचं व्यंगचित्र असलेलं मुखपृष्ठ छापलं गेलं, संपादक शिरीन दळवींनी माफी मागितली तरी मुंब्रा पोलिसांनी अटक केली, नंतर जामीन मिळाला पण आवृत्ती बंदच पडली. बातमीसोबत छापलं, त्यात दुष्ट हेतू कुठला हे कोर्टात विचारणार, तोवर नोकरी गेलेली असते. आमच्या इथे तेव्हा महिनाभर दुसरा विषय नव्हता.

नेरुळची:
अवांतर: व्यंगचित्रातलं व्यंग म्हणजे खोट, अव्यंग मूल म्हणतो ना तेच. सूचित अर्थ हवा असेल तर व्यंग्य, य जोडून. पण व्यंग्यचित्र लिहिलंत तर लोक शुद्धलेखनाची चूक काढतील, मी दोनदा ऐकून घेतलंय.

कोपरीकर:
हा धागा सेक्रेटरी काकांना दाखवला. शांतपणे सगळं वाचलं, 'बरोबर आहे तुमचं' म्हणाले आणि खिशातलं पेन काढून नोटिशीत विडंबनचं विटंबना केलं. 'देवाचे'चं 'देवाची' करायला विसरले. चित्र अजून त्यांच्याच कपाटात आहे.