वॉरंटीतला फोन स्वतः उघडावा की नाही?

धागाकर्ता, दारव्हा तालुका

आमच्याकडील एका मोबाईल विक्रेत्याची पोस्ट सध्या गावोगावच्या गटांत फिरते आहे. "वॉरंटी असताना फोन उघडणाऱ्याची तक्रार कोणी ऐकत नाही, खेड्यातील लोकांनी हाती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्वतःचे नुकसान करून घेऊ नये," असे त्यात लिहिले आहे. पहिल्या वाक्याहून दुसऱ्याचा राग मला अधिक आला. विहिरीवरची मोटर आणि फवारणीचा पंप खोलून पुन्हा बसवणाऱ्या माणसाला चार स्क्रूंची अक्कल नसते, हे कोणी ठरवले?

माझ्या फोनची चार्जिंग पिन सैल झाली तेव्हा मी सब-बोर्ड, म्हणजे चार्जिंगची पिन असलेली छोटी पट्टी, बदलला आणि चार्जिंग सुरळीत झाले. पुढे मागचा कॅमेरा बंद पडला. सेवा केंद्रातील मुलाने झाकण काढले, फोन उघडल्याची खूण म्हणून एका स्क्रूवर लावलेले पांढरे स्टिकर फाटलेले पाहिले आणि कॅमेरा न तपासताच फोन परत केला. सब-बोर्ड खालच्या टोकाला, कॅमेरा वरच्या टोकाला. माझ्या कामामुळे कॅमेरा गेला असेल, तर तसे त्यांनी दाखवून द्यायला हवे होते.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात हेच सांगितले आहे. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. मोटारीला जो न्याय, तो फोनला का नाही?

मोबाईल दुरुस्तीकार, आर्वी

दादा, तो आदेश मोटार कंपन्यांना होता, फोन कंपन्यांना नव्हे. तो दाखवून सेवा केंद्रात कोणी तुमचा फोन घेणार नाही, हे आधी लोकांना स्पष्ट सांगा.

माझ्या टेबलावर स्वतः उघडलेले फोन नेहमी येतात. फोनमधील स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू आवळला की तो थेट मदरबोर्डमध्ये घुसतो आणि आतल्या रेषा तुटतात. मग चार्जिंगसाठी उघडलेल्या फोनचा डिस्प्लेही जातो, म्हणजे खालच्या टोकाचे काम वरच्या टोकाला भोवू शकते. फुगलेली बॅटरी धातूच्या पट्टीने उचकटताना भोक पडले, तर ती तिथेच पेट घेते. झाकणाचा गोंद एकदा सुटला की पाण्यापासूनचे संरक्षणही पहिल्यासारखे राहत नाही. मोटर खोलणारे हात कुशल असतात हे मला मान्य आहे, परंतु फोनचे काम निराळे आहे.

शेतकरी महिला, सिंदेवाही तालुका

आपण दोघेही स्क्रूंवर बोलत आहात. फोन सेवा केंद्रात किती दिवस पडून राहतो, यावर कोणी बोलत नाही. आमच्या तालुक्यात माझ्या कंपनीचे केंद्र नाही. चंद्रपूरला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि तिथे "पार्ट नागपूरहून येईल, फोन ठेवून जा" असे उत्तर मिळते. ऑगस्ट-सप्टेंबरात ई-पीक पाहणी सुरू असते. बांधावर उभे राहून धानाचा फोटो काढून नोंद करायची असते, आणि सातबाऱ्यावर पीक चढले नाही तर हमीभावाच्या नोंदणीत अडचण येते. २०२५ पासून कापूसवाल्यांनाही हमीभावासाठी ॲपवर नोंदणी करावी लागते आहे. फोन दुरुस्तीला अडकल्यामुळे माझी नोंद अगदी शेवटच्या दिवसांवर गेली होती. अशा वेळी वॉरंटीचा कागद सांभाळत बसायचे की पीक नोंदवायचे?

ग्रामपंचायत कर्मचारी, पुसद तालुका

ताई, एका फोनवरून अनेक खातेदारांची पीक पाहणी नोंदवता येते. सिम काढून घ्यावे, शेजाऱ्याचा फोन घ्यावा आणि नोंद करावी. यासाठी फोन फोडण्याची गरज नाही.

शेतकरी महिला, सिंदेवाही तालुका

फोडला नाही, उघडला. शब्द जपून वापरा. शेजाऱ्यालाही स्वतःचे शेत असते. त्याचा फोन घेऊन बांधावर जायचे, आणि तिथे रेंज नाही म्हणून परत यायचे, असे हेलपाटे तुम्ही कधी घातले आहेत का? बायाबापड्यांनी दर वेळी कोणाकडे तरी फोन मागत फिरावे, असा सल्ला कार्यालयात बसून देणे सोपे असते.

ग्रामपंचायत कर्मचारी, पुसद तालुका

मी स्वतः बांधावर जाऊन लोकांच्या नोंदी करून दिल्या आहेत, त्यामुळे हा आरोप मला मान्य नाही. रेंजची अडचण खरी आहे, एवढे मान्य करतो.

ग्राहक चळवळीतील कार्यकर्ती, वर्धा

पीक पाहणीचा वाद तलाठ्याकडे न्यावा. इथे वॉरंटीचे बोलू या. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यात मोबाईलबरोबर शेती अवजारेही आहेत, परंतु त्यामुळे कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटी रद्द झालेल्या नाहीत. उलट, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ नुसार, इजा झाली तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईचा, दावा करता येत नाही. म्हणून बॅटरीच्या बाबतीत आर्वीच्या दादांचे म्हणणे मी गांभीर्याने घेते.

मात्र धागाकर्त्यांच्या कॅमेऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. नकार तोंडी घेऊन परत येऊ नका. जॉबशीटवर, म्हणजे सेवा केंद्राच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, कारण लिहून मागा. पक्के बिल आणि ती जॉबशीट घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे तोडगा निघाला नाही, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही.

मोबाईल दुरुस्तीकार, आर्वी

जॉबशीटचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मी मानतो. कारण लिहून देताना सेवा केंद्रवालेही दोनदा विचार करतील. पण बॅटरीबाबत माझे मत बदलणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, टिनाच्या घरात फोन रात्रभर चार्जिंगला असतो आणि बाजारात नकली बॅटऱ्यांचा सुळसुळाट आहे. वॉरंटी असो वा नसो, फुगलेली बॅटरी घरी काढू नका.

धागाकर्ता, दारव्हा तालुका

बॅटरीचे ऐकले, तिला हात लावा असे मी कुठेही म्हटलेले नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. लांब स्क्रूने बोर्ड खराब झाला असेल, तर तो खराब बोर्ड मला उघडून दाखवा. फाटलेले स्टिकर हा पुरावा होत नाही. उद्या पुन्हा सेवा केंद्रात जाऊन लेखी कारण मागतो आहे. ते दिले नाही, तर तिथूनच १९१५ ला फोन लावीन.