स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या आराखड्यांसाठी ऑटोकॅड सोडावे का?

धागा : नौपाडा, ठाणे
गेली सहा वर्षे मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे करते आणि त्यांतली निम्म्याहून अधिक कामे केवळ स्वयंपाकघर व बाथरूमची असतात. मापांचे आराखडे ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ग्राहकाला दाखवायचे त्रिमितीय मॉडेल स्केचअपमध्ये, अशी दुहेरी पद्धत आजवर चालली. यापुढे ऑटोकॅडची वर्गणी बंद करून सारे काम स्केचअप प्रो आणि त्याच्याबरोबर मिळणाऱ्या लेआउटमध्येच करावे, असे माझे ठाम मत झाले आहे. ग्राहकाने ओट्याची उंची 34 इंचांवरून 32 करायला सांगितली की मॉडेल लगेच बदलले जाते, पण ऑटोकॅडमधल्या चार एलेव्हेशनपैकी (भिंतींच्या समोरून दिसणाऱ्या आराखड्यांपैकी) एखादे बदलायचे राहून जाते. गेल्या पावसाळ्यात चिमणीचा पॉइंट असाच जुन्या उंचीवर निघाला आणि डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, तीन टाइल्स फोडाव्या लागल्या. लेआउटमध्ये मॉडेलचीच दृश्ये कागदावर येत असल्याने ही चूक मुळातच टळते.

प्रतिसाद : कोपरखैरणे, फर्निचरचा कारखाना
ताई, तुमचा हा निर्णय मला पटत नाही. तुमच्यासारख्या डिझायनरांचे कागद शेवटी माझ्या सुतारांच्या हातात येतात, म्हणून सांगतो. मॉडेलमधली खोली काटकोनात असते, प्रत्यक्षातली नसते. नेरुळच्या एका जुन्या इमारतीत ओट्याच्या कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायचे अवजार) लावला, तेव्हा दोन फुटांत भिंत पाच सूत (पाच अष्टमांश इंच) आत आलेली निघाली. सुंदर मॉडेलवरून कापलेली कोपऱ्याची ट्रॉली खिडकीच्या चौकटीला अडली. ती पूर्ण उघडेना, आणि अख्खा बॉक्स नव्याने करावा लागला. ऑटोकॅडमध्ये रेषा ओढताना माणूस प्रत्येक माप विचारपूर्वक टाकतो. मॉडेलमध्ये मात्र चौकोन ओढून वर उचलला की खोली तयार झाल्यासारखी वाटते. शिवाय बिल्डरचा प्लॅन डीडब्ल्यूजीमध्येच, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलमध्येच, येतो.

धागाकर्ती
दादा, वाकडी भिंत स्केचअपमध्येही वाकडीच काढता येते, आणि प्रो आवृत्ती डीडब्ल्यूजी उघडते व तयारही करते. नेरुळला चूक झाली ती कोपऱ्याचा कर्ण न मोजल्यामुळे. तो मोजला नसता तर ऑटोकॅडनेही सांगितला नसता.

प्रतिसाद : ऐरोली, मॉड्युलर किचनचे दालन
आमच्याकडे ही दोन्ही सॉफ्टवेअर वापरत नाहीत. तयार कॅबिनेटांचा कॅटलॉग असलेल्या किचनच्या सॉफ्टवेअरमध्ये बॉक्स भिंतीला लावत गेले की बिजागऱ्या, चॅनेल आणि अंदाजपत्रक एकदमच हाती येते, त्यामुळे ग्राहक समोर बसलेला असतानाच भाव सांगता येतो. मात्र बॉक्सची रुंदी 300, 450, 600 मिलिमीटर अशा ठरीव टप्प्यांनी वाढत असल्याने उरलेल्या दोन-तीन इंचांत पट्टी मारावी लागते, हे मान्य केलेच पाहिजे. सिडकोच्या लहान घरांत तेवढी जागाही मोलाची असते.

प्रतिसाद : कळवा, साइट सुपरवायझर
सारी चर्चा ओट्याभोवती फिरते आहे, पण बाथरूमची चूक अधिक महाग पडते, कारण ती टाइलमागे गाडली जाते. शॉवरचा कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत गाडलेला, पाणी वळवणारा नळाचा भाग) तयार भिंतीपासून किती आत बसावा, याची किमान आणि कमाल खूण त्याच्यावरच असते. मॉडेलमध्ये बहुतेक जण टाइल केवळ रंगासारखी चढवतात. प्लास्टर, चिकटवण्याचा थर आणि टाइल यांची जाडी त्यात धरलेलीच नसते. आमच्या एका साइटवर त्यामुळे डायव्हर्टर इतका आत गेला की वरची प्लेट बसेना, आणि वॉटरप्रूफिंगसह भिंत पुन्हा उघडावी लागली. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, पण त्या जागेचा मोठ्या मापातला छेद काढून द्या, आणि नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीकडे) जाणारा उतारही त्यात आकड्यांनी लिहा.

प्रतिसाद : वाशी, विद्यार्थिनी
फक्त मांडणी पाहायची असेल तर स्वीट होम थ्रीडी मोफत आहे आणि शिकायला सोपे आहे. सुताराला मात्र त्यातले चित्र पुरत नाही.

प्रतिसाद : कोपरखैरणे, फर्निचरचा कारखाना
एका कंपनीवर सर्वस्वी विसंबण्याचीही मला काळजी वाटते. स्केचअप 2006 मध्ये गूगलकडे आणि 2012 मध्ये ट्रिम्बलकडे गेले, आणि संगणकावर बसवायची मोफत आवृत्ती 2017 च्या आवृत्तीनंतर थांबली. तुमची दहा वर्षांची कामे त्याच एका स्वरूपात अडकली तर काय कराल?

धागाकर्ती
ही काळजी रास्त आहे, परंतु ऑटोकॅडचा कायमचा परवानाही 2016 पासून नव्याने मिळत नाही. त्यामुळे वर्गणी दोन्हीकडे आहेच, आणि मला ती दोनदा भरायची नाही. ऑटोकॅड सोडण्याचे माझे मत कायम आहे. कळव्याच्या दादांचे म्हणणे मात्र पूर्णपणे मान्य : यापुढे बाथरूमची प्रत्येक भिंत थरांसह काढीन आणि डायव्हर्टरचा छेद वेगळ्या कागदावर देईन. घणसोलीच्या घराची मापे येत्या रविवारी घ्यायची आहेत. कोपरखैरणेच्या दादांनी त्यांचा सुतार गुण्या आणि ओळंबा घेऊन सोबत पाठवला, तर कर्ण तिथेच मोजून घेऊ.

प्रतिसाद : कोपरखैरणे, फर्निचरचा कारखाना
सुतार सकाळी दहाला पोहोचेल. कागद लेआउटचा चालेल, पण सोबत डीडब्ल्यूजी फाइल हवीच.