'करेक्शन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिस शिकतोय, या सत्रात त्याला करेक्शन्स हा विषय आहे. साताऱ्याला आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तुरुंगाचा अभ्यास?" शब्दकोशात 'गुन्हेगारी न्याय' आणि 'सुधारणा' सापडतं. चालेल का?

उत्तर : 'गुन्हेगारी न्याय' कृपया नको. वाचताना तो गुन्हेगारांनी केलेला न्याय वाटतो. दिवाणी-फौजदारी ही जोडी आपल्याकडे खेडोपाडी माहीत आहे, म्हणून 'फौजदारी न्यायव्यवस्था' म्हणा. पोलीस, न्यायालय आणि शिक्षेची अंमलबजावणी हे तिचे तीन भाग. करेक्शन्स म्हणजे तिसरा.

त्याला नवा शब्द घडवायची गरजच नाही. महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याचं नाव 'कारागृह व सुधारसेवा विभाग' असं आहे. 'सुधारणा' रस्त्याची असते, शेतीची असते, समाजाचीही असते. 'सुधारसेवा' म्हटलं की कैद्यांशी संबंधित काम एवढाच अर्थ उरतो. मला तो फार नेमका वाटतो.

आईंचं निम्मं बरोबर आहे. तुरुंगाबाहेर राहून, देखरेखीखाली शिक्षा पुरी करणारी माणसंही या विषयात येतात.

'कम्युनिटी कॉलेज' तसंच ठेवा. तिथे दोन वर्षांत असोसिएट पदवी मिळते किंवा पुढे विद्यापीठात जाता येतं. 'कनिष्ठ महाविद्यालय' लिहिलंत तर साताऱ्यात अकरावी-बारावीच समजतील.

प्रश्नकर्ती : पॅरोल आणि प्रोबेशन? भाच्याला पुढे पॅरोल अधिकारी व्हायचंय. हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांतही येतात, तेव्हा अडचण नसावी.

दुसरं उत्तर : खरी अडचण तिथेच आहे. शब्द एकच असला तरी व्यवस्था वेगळ्या आहेत. महाराष्ट्रात पॅरोल ही रजा आहे. घरात मृत्यू, गंभीर आजारपण अशा कारणासाठी कैदी ठरावीक दिवस बाहेर येतो आणि परत आत जातो. सरकारी नियमांखाली ती मिळते. सरकारी मराठीत पॅरोलला 'अभिवचन रजा' आणि फर्लोला, म्हणजे ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळणाऱ्या रजेला, 'संचित रजा' म्हणतात. कॅलिफोर्नियात पॅरोलवर सुटलेल्याला परतायचं नसतं. तो घरी राहतो, कामाला जातो, पण अटी पाळाव्या लागतात आणि पॅरोल अधिकाऱ्याचं त्याच्यावर लक्ष असतं. अट मोडली तर पुन्हा कोठडी होऊ शकते. म्हणून तिथल्या पॅरोलला 'अभिवचन रजा' लिहिणं साफ चूक. 'देखरेखीखालील सुटका' लिहा आणि कंसात पॅरोल.

मला मात्र 'अभिवचन' या शब्दाचं कौतुक वाटतं. फ्रेंचमध्ये 'पारोल' म्हणजे दिलेला शब्द. ज्यानं कुणी हा पर्याय काढला त्याला मूळ अर्थ ठाऊक होता.

प्रोबेशनला 'परिवीक्षा' बिनधास्त वापरा. आपल्याकडे 1958चा कायदा आहे, परिवीक्षा अधिकारीही आहेत. दोन्हीकडे गाभा सारखाच : न्यायालय माणसाला तुरुंगात न धाडता अटींवर मोकळं ठेवतं. कुणी 'पण परिवीक्षा तर नव्या नोकरीत असते' म्हणालं, तर तेही खरं आहे. इंग्रजीतही दोन्हीकडे तोच शब्द चालतो.

प्रश्नकर्ती : मग आईला असं सांगते : "तो फौजदारी न्यायव्यवस्था शिकतोय, त्यातला सुधारसेवा हा भाग. पुढे तुरुंगातून सुटलेल्या माणसांवर देखरेख ठेवायची नोकरी करणार."

दुसरं उत्तर : 'देखरेख ठेवायची' सोबत 'आणि त्यांना कामधंद्याला लावायला मदत करायची' हेही घाला. तेही त्या अधिकाऱ्याचंच काम आहे.