एलएस५० स्पीकरला कोणता अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) जोडू? (दारव्हा तालुका, संध्याकाळी १७५ व्होल्ट)

कपाशीवाला
रामराम मंडळी. पुतण्या पुण्याहून परदेशात गेला, जाताना आपले केईएफ कंपनीचे एलएस५० स्पीकर मले देऊन गेला. सध्या जुन्या पाच चॅनलच्या रिसीव्हरवर ऐकून राहिलो. कुमारजी, किशोरीताई मस्त वाजतात. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं खंजिरीचं भजन लावलं की थाप पडली तिथं आवाज फाटते. तेही लय मोठ्यानं नाही लावत.

खोली १४ बाय १८ फूट, वर कवेलू, बसतो साडेतीन मीटरवर. दिवाळीपासून अर्ध्या खोलीत कापूस भरला आहे. खरं सांगतो, कापूस असला की गाणं गोड लागते. विकला की खोली ठणठण वाजते.

नागपुरात एकानं ८ वॅटचा ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचा) अ‍ॅम्प ऐकवला, त्याच्यावर जीव जडला माहा. दुसरा पाहिला तो क्लास एबी (नेहमीचा ट्रान्झिस्टरवाला), ८ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला अडथळा) ८० वॅट, ४ वर १३०. तिसरा क्लास डी (स्विचिंगवाला), कागदावर २००. बजेट ७० हजार, तेही कापसाची पट्टी आल्यावर. काय घेऊ?

वणीचा सोल्डर
भाऊ, कापसाच्या गंजीजवळ तापलेल्या ट्यूबा? घर जाळता का!

मस्करी सोडा. हे स्पीकर ८५ डीबीचे (डीबी म्हणजे आवाजाच्या जोराचं माप), म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८५. तुमच्या खुर्चीपाशी, दोन्ही स्पीकर अन् भिंती धरून, ८० च्या आसपास उरते. सरासरी ७८ नं ऐकलं तरी खंजिरीची थाप १५-२० डीबी वर उडी मारते. तिथं २० ते ६० वॅट पाहिजेत, ८ मध्ये काय होणार? अन् मागं ८ ओहम लिहिलं असलं तरी हे स्पीकर मधेच ३.२ पर्यंत उतरतात, तिथं करंट जास्त ओढतात. तुमचा रिसीव्हर बहुतेक तिथंच दम सोडते. म्हणून ४ ओहमचा आकडा पाहायचा. ८० चे १३० होत असतील तर माल बरा आहे.

माह्या टेबलावर जळालेले ट्विटर (स्पीकरमधले बारीक सुरांचे भाग) येतात ते जास्त करून लहान अ‍ॅम्प पिळणाऱ्यांचेच.

सदाशिव_पेठ
काका, व्होल्टेजचा हिशेब राहिला. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १७५ भागिले २३०, त्याचा वर्ग ०.५८. म्हणजे ८० चे ४६ वॅटच. कानाला फरक अडीच डीबीपेक्षा कमी, पण तुमची गरज ६० पर्यंत जाते. ट्यूबचं तर ६.३ व्होल्टचं हीटर (ट्यूब तापवणारी तार) ४.८ वर येईल, ते नीट चालणारच नाही. चांगल्या सप्लायचा क्लास डी कमी व्होल्टेजला डगमगत नाही, मात्र काही जुन्या डिझाइनमध्ये वरचे सूर स्पीकरप्रमाणे बदलतात. घरी आणून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

मी एबी घेईन, आणि त्याआधी सर्व्हो स्टॅबिलायझर (मोटरवर चालणारं, व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र).

वणीचा सोल्डर
सर्व्होले माहं पण हो. फक्त तो खोलीबाहेर, ओसरीत ठेवजा, मोटर कुरकुर करते. अन् कापूस गेला की मागच्या भिंतीले दोन गाद्या उभ्या करा.

कपाशीवाला
काल साडेसातला मीटर लावला, १६८! दारव्ह्यातून सर्व्हो सांगून ठेवला. ट्यूब मनातून काढला, वाईट वाटलं थोडं. एबी पट्टी आल्यावर. तोवर भजन पहाटे पाचले लावतो, तेव्हा २३५ राहते.