मदत हवी आहे: प्रथम वर्षाच्या मुलांचं फोरम थिएटर भाषणावरच संपतं

फोरम थिएटर म्हणजे आधी प्रसंग दाखवायचा, मग प्रेक्षकांनी तो मध्येच थांबवून पात्राच्या जागी येऊन वेगळं काही करून बघायचं. प्रथम वर्षाची ४० मुलं-मुली, एकमेकांना नवखी. दोन-दोन तासांची तीन सत्रं. विषय: बोलण्याच्या ढबीवरून होणारी टिंगल. प्रसंग मुलांनीच मिळून उभा करायचा, तयार संहिता नाही. पण विषय दिला की मुलं संवाद लिहायला बसतात, दोघं-तिघं बोलके सगळं ठरवून टाकतात आणि शेवटी एक पात्र पुढे येऊन 'आपण सगळे समान' सांगतं. टाळ्या पडतात, चर्चा शून्य. कुठे चुकतंय? आणि कुणाचा खराखुरा अनुभव बाहेर आला तर काय करायचं?

प्रतिसाद १
आधी कागद-पेन काढून घ्या. लेखणी हातात आली की बोलकेच जिंकतात. पहिल्या सत्रात शब्द जवळजवळ नकोतच. सुरुवातीला २० मिनिटं जोड्यांचा खेळ: एकाचा तळवा दुसऱ्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, तळवा जाईल तिकडे चेहरा, अंतर तेवढंच राहिलं पाहिजे. मग अदलाबदल. हुकमत गाजवणं आणि सोसणं, दोन्ही अंगाला कळतं.

नंतर पाच-पाचांचे आठ गट. प्रत्येकाने बाकीच्या चौघांना मातीसारखं वळवून टिंगलीचं एक स्थिरचित्र करायचं, न बोलता, तीन मिनिटांत. लाजाळू मुलांनाही आपसूक पाळी मिळते. दुसऱ्या सत्रात त्याच चित्रांतून चार-पाच मिनिटांचे प्रसंग करा. फोरमला मात्र दोनच घ्या, प्रत्येकी ४५ मिनिटं. आठही दाखवायच्या हौसेपायी एकही धड होत नाही.

प्रतिसाद २
भाषण येतं, कारण प्रसंगात उत्तर आधीच आहे. फोरम थिएटर सुरू करणारे ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या पद्धतीत प्रसंग फसलेलाच असावा लागतो. उदाहरणार्थ: एक मुलगी वर्गात उत्तर देते, एक उच्चार वेगळा येतो, मागून कुणीतरी तो तसाच परत म्हणतं, शेजारची मैत्रीणही ओठ दाबून हसते. पुढच्या प्रश्नाला तिचा हात बाकावरून चार बोटं उचलला जातो आणि परत खाली येतो. बस, इथेच थांबा. वेगळं काही करता आलं असतं असे दोन-तीन क्षण यात स्पष्ट दिसले पाहिजेत. निव्वळ मारहाण दाखवलीत तर प्रेक्षकाला शिरायला फट उरत नाही.

मग तोच प्रसंग पुन्हा, जरा वेगात. प्रेक्षकाने 'थांबा' म्हणायचं आणि तिच्या जागी येऊन करून बघायचं. बसल्या जागेवरून सल्ला चालणार नाही.

धागाकर्ता
टिंगल करणाऱ्याचीच जागा कुणी घेतली तर?

प्रतिसाद २
नको. तो एकदम सज्जन झाला की प्रश्नच संपतो. याला 'जादू' म्हणतात, आणि ती ओळखायचं काम प्रेक्षकांचं. शेजारच्या मैत्रिणीची जागा घेऊ द्या, माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. चालवणाऱ्याला बोआल जोकर म्हणतो, पत्त्यातला, कुठल्याच रंगाचा नसलेला. म्हणून शाबासकी देऊ नका. प्रत्येक प्रयत्नानंतर एवढंच विचारा: 'हे खरंच जमेल? याची किंमत कोण मोजेल?'

प्रतिसाद ३
खऱ्या अनुभवाबद्दल: 'तुमच्या बाबतीत घडलेलं सांगा' असं म्हणूच नका, 'पाहिलेलं, ऐकलेलं' म्हणा. दोन-तीन घटना मिसळा, नावं बदला, आणि ज्याची घटना असेल त्याला ती भूमिका देऊ नका. कारण न सांगता बाजूला बसायची मुभा पहिल्याच मिनिटाला जाहीर करा. समुपदेशकाला सत्रांच्या वेळा आधी कळवून ठेवा. टिंगल करणारं पात्र केलेल्या मुलाला शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने म्हणून भूमिकेतून बाहेर यायला लावा. हे राहिलं तर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याला त्या पात्राच्याच नावाने हाका मारतात.